मेमसाबचं माहेर विकायचं होतं

आखातात देऱ्याला आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची आणि मला सगळ्याची भीती. पंख्याची भीती, कारण तो डोक्यावर गरगरतो आणि सुटला तर कुणाच्या मानेवर येईल काय सांगावं. टेलिफोनची भीती, कारण त्याला कुणी हात लावत नाही तरी तो ओरडतो. गाढवावरून गोडं पाणी आणणारा म्हातारा यायचा त्याची भीती, कारण तो डबे ओतताना एकटाच कुणाशी तरी भांडायचा. आणि मेमसाबची तर विचारूच नका, कारण ती हसायची. सकाळी उठून मला बघून हसायची. आमच्या गावी मालकीण कामवालीला बघून हसली तर समजायचं, काहीतरी फुटलंय आणि नाव तुझं आलंय.

आमचे हे साहेबांच्या बोटीच्या ऑफिसात टॅली क्लार्क. धक्क्यावर उभं राहायचं, लाँचमधून गोणी उतरतात त्या मोजायच्या. साहेबांचं घर खाडीच्या काठाला होतं आणि मागच्या आवारात एक खोली होती, ती आम्हाला दिलेली, कारण मी मेमसाबचं धुणं, झाडणं, इस्त्री बघायची. एकच खोली पण आमची. दार लावलं की आत आम्ही तिघं, हे, मी आणि सात महिन्यांची पोरगी. तेव्हा देऱ्यात बायका-पोरं घेऊन राहणारे आपले लोक किती? बाकीचे सगळे सोन्याच्या बाजारामागे एकेका खोलीत आठ-आठ, नऊ-नऊ जण. म्हणून मी रोज सकाळी पहिलं त्या दाराला हात लावायची आणि मग चूल.

पण ती खोली आम्हाला मिळाली कशी, ते मी विसरले नव्हते. आधीचे साहेब गेले आणि हे साहेब आले, तेव्हा आधीच्या क्लार्कला तीन दिवसांत खोली सोडायला लागली. नवा साहेब, नवी माणसं. तो क्लार्क गेला आठ जणांच्या खोलीत आणि त्याची बायको गेली मुंबईच्या बोटीत बसून गावाला. म्हणजे हे साहेब गेले की मी पण गेले. पोरीला घेऊन सासूच्या दाराशी, आणि पोरीचा बाप पत्रातून. माझ्या आईने तसाच संसार केला. अब्बा आले की मी त्यांना ओळखायची नाही, आणि ओळखायला लागले की ते जायचे. मला ते नको होतं. बाकी मला काही कळत नव्हतं तरी हे एवढं कळत होतं.

आता सेलचं सांगते.

सोमवार होता, कारण सोमवारी मी चादरी धुवायची. हात पुसत आत गेले तर मेमसाब टेबलाशी बसलेली, चहावर साय धरलेली आणि पुढ्यात एक गुळगुळीत जाड कागद. कागदावर एका घराचा फोटो, खाली बारीक छापलेलं. आणि मेमसाब रडत होती. गोरी माणसं रडतात तेव्हा आवाज करत नाहीत, नाकाचा शेंडा तेवढा लाल होतो. माझं इंग्रजी तेव्हा चाळीस शब्दांचं. मी विचारलं, "मेमसाब, फीवर?"

"नो, नो," ती म्हणाली. "इट्स द हाऊस. द हाऊस इज फॉर सेल."

हाऊस मला येत होतं. आणि सेल? सेल तर मला चालायच्या आधी यायला लागलं असेल. आमच्या गावात अर्ध्या घरांतले बाप्ये बोटीवर. अब्बा खलाशी, चाचा खलाशी, मामू इंजिनात. अब्बा सुट्टीवर आले की महिन्या-दोन महिन्यांत मुंबईहून तार यायचीच, शुक्रवारी सेल. म्हणजे शुक्रवारी बोट सुटणार. सेल म्हटलं की आई लोणच्याची बरणी फडक्यात बांधायला घ्यायची, दादी जपाची तसबीह घेऊन कोपऱ्यात बसायची आणि मी गोठ्यात जाऊन रडून घ्यायची. वस्तू विकण्याला पण इंग्रजीत सेल म्हणतात, हे मला कुणी सांगायचं? आमच्याकडे विकायचं ते विकायचं. सेल म्हणजे माणूस जाणार.

तर हाऊस फॉर सेल. अख्खं घर बोटीवर चढणार. म्हणून तर बिचारी रडते.

मी चादरी तशाच बादलीत टाकल्या आणि भिंतीशी धावले. भिंतीपलीकडे खाला राहायची. सख्खी मावशी नव्हे, पण आमच्याच गावाकडची, आणि माझ्या बाळंतपणात तिनेच केलेलं, म्हणून खाला. तिचा नवरा टेलर, सगळ्या साहेबांच्या पँटी शिवायचा.

"काय गे, तोंड का असं?"

"खाला, साहेब चालले."

"कुठे?"

"सेल आहे."

"कधी?"

"ते नाही विचारलं."

"मूर्खे, मुख्य तेच विचारायचं असतं!" मग तिने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "काय गे, तो फ्रीज नेणार का ते?"

त्या फ्रीजवर खालाचा जीव होता. घासलेटवर चालायचा, आणि एकदा मेमसाबने तिला त्यातलं सरबत दिलेलं, तेव्हापासून.

दुपारी हे जेवायला आले. मी भाकरी वाढली, मासा वाढला आणि एका दमात सांगून टाकलं.

"तुला कोण म्हणालं?"

"मेमसाब. स्वतः. रडत होती."

"मला साहेब काही बोलले नाहीत."

"मग तुम्ही विचारा."

"काय विचारू? साहेब, तुम्ही कधी जाताय, असं? मी काय त्यांचा जावई आहे?"

"अहो पण खोली..."

"सांगतील, इन्शाल्ला."

यांचं इन्शाल्ला म्हणजे पुढे बोलू नको. पण दुसरा मासा त्यांनी घेतला नाही, तसाच ठेवून उठले. हा माणूस तापात दुसरा मासा सोडत नाही. मी ट्रंक ओढली, पोरीचे कपडे घड्या घालून भरले, कुलूप लावलं. अर्ध्या तासाने पोरीने लंगोट ओला केला, मग परत कुलूप काढलं. तसं संध्याकाळपर्यंत मी चार वेळा देरा सोडला आणि चार वेळा परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या पुढच्या दारात तीन बायका. पुढे खाला, चांगली ओढणी घेऊन, आणि मागे आमच्या बाजूच्याच आणखी दोघी, त्यांना खालानेच बातमी दिलेली. साहेब जातात तेव्हा सामान इथेच टाकून जातात, हे सगळ्यांना माहीत. मी दारामागे लपायला बघत होते तोवर मेमसाबच आली.

खालाचं इंग्रजी आमच्यात सगळ्यात भारी, नवऱ्यामुळे. लूज, टाइट, व्हेरी नाईस आणि हाऊ मच. ती पुढे झाली.

"मेमसाब, हाऊस सेल?"

मेमसाबचे डोळे मोठे झाले. "यू... यू वॉन्ट टू सी द हाऊस?"

"येस, येस. सी."

मेमसाबने तिघींना आत घेतलं, सोफ्यावर बसवलं, मला चहा ठेवायला सांगितलं आणि आतून तो गुळगुळीत कागद घेऊन आली. आम्हाला वाटलं, सामानाची यादी. खालाने कागदाकडे बघितलंच नाही, सरळ मुद्द्यावर आली.

"फ्रीज?"

"फ्रीज?" मेमसाबने मान हलवली. "ओ येस. एव्हरी विंटर. टेरिबल!"

"काय म्हणते गे?" खालाने मला विचारलं.

"म्हणते, फ्रीज टेरिबल आहे."

"बिघडला वाटतं. असू दे म्हणावं, माझा पुतण्या रिपेर करतो."

दुसरीने खुर्चीकडे बोट केलं. "चेअर?"

"स्टेअर्स? टू. बट व्हेरी, व्हेरी ओल्ड."

"दोन आहेत, पण जुन्या," मी सांगितलं. माझ्यासमोर सहा खुर्च्या होत्या. मला वाटलं, चार बरोबर नेणार असतील.

तिसरीने हिंमत केली. "बेड?"

"फोर बेडरूम्स!" मेमसाबने चार बोटं दाखवली.

"चार पलंग?" तिसरी माझ्याकडे वळली. "तू तर म्हणालीस वर एकच आहे. तीन कुठे लपवलेत?"

मला काय माहीत? मी रोज वर झाडते, मला एकच दिसतो. मेमसाब मात्र इतकी खूश, बिस्किटं काढली, प्रत्येकीला दोन-दोन दिली, खालाला तीन. शेवटी खालाने कप खाली ठेवला, ओढणी सारखी केली आणि विचारलं, "हाऊ मच?"

मेमसाबने कागदावर बोट ठेवून आकडा वाचला. खाला उभीच राहिली.

"या अल्ला! एका बिघडलेल्या फ्रीजचे?"

नेमके तेव्हा साहेब आले आणि साहेबांच्या मागे फायली घेऊन आमचे हे. यांनी दिवाणखान्यात चार बायका बघितल्या, त्यातली एक आपली, आणि यांचा चेहरा असा झाला की फायली पडल्या नाहीत हेच नवल. साहेबांना हिंदी यायचं, आधी कराचीला होते. मेमसाब त्यांच्याशी भराभर बोलली, साहेब खालाशी हिंदीत बोलले, खाला यांच्याशी मराठीत बोलली, हे माझ्याशी डोळ्यांनी बोलले, आणि सगळं माझ्यापाशी येऊन थांबलं.

"तुमको कौन बोला हम जाता है?" साहेबांनी विचारलं.

मी ओढणीच्या आतून म्हटलं, "मेमसाब बोला. सेल."

 साहेबांनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि मला वाटलं हे पण रडतात, पण ते हसत होते. त्यांनी पाकिटावर पेन्सिलने दोन शब्द लिहिले, वर एक, खाली एक. अक्षरं मला ओळखू यायची, चौथीपर्यंत गेलेले, एबीसीडी अब्बांनी शिकवलेली. वरच्यात एस ए एल ई. खालच्यात एस ए आय एल.

"ये बेचना," साहेब म्हणाले. "ये जाना. आवाज एक."

खालाने पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघितलं. "एवढी विमानं बनवतात," ती म्हणाली, "आणि दोन कामांना आवाज एकच ठेवला?"

तर विकायचं होतं ते हे घर नव्हतं. ते कागदावरचं घर होतं, तिकडे विलायतेत, एका फार जुन्या गावात. मेमसाबने सांगितलं, साहेबांनी हिंदी केलं. गावाच्या मधोमध दगडी चौक आणि दर गुरुवारी त्या चौकात बाजार. भाजी, लोणी, गुरं, सगळं. घर अगदी चौकावर, म्हणजे बाजाराच्या दिवशी मेंढ्यांचं कुंपण यांच्या भिंतीला टेकायचं आणि लहानपणी मेमसाब खिडकीतून मेंढ्यांना पावाचे तुकडे घालायची. एकदा एका मेंढीने तिच्या टोपीची रिबन खाल्ली. हे ऐकून मला फार बरं वाटलं. विलायत म्हणजे मला वाटायचं सगळीकडे राणी आणि घड्याळं. आठवड्याचा बाजार तिकडे पण भरतो, तिकडे पण मेंढ्या आगाऊ असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"किती जुनं?" खालाने विचारलं.

"तीन सौ साल."

"तीनशे!" खाला माझ्या कानाशी आली. "मग ते घेणार कोण गे? पाडायलाच माणसं लावायला लागतील."

कागद यांनी वाचायला घेतला. साहेबांसमोर इंग्रजी वाचायची संधी, सोडतील? घराच्या फोटोखाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, अ हाऊस ऑफ ग्रेट कॅरॅक्टर. यांनी घसा साफ केला आणि आम्हाला मराठीत सांगितलं, "अत्यंत चारित्र्यवान घर."

"म्हणजे?" खाला म्हणाली. "आजूबाजूची वाईट चालीची आहेत की काय?"

मग मुख्य गोष्ट कळली. मेमसाबचे आईवडील दोघंही गेलेले. घर बंद. तिकडच्या थंडीत बंद घर राहत नाही, आत शेकोटी पेटली नाही तर भिंतींना ओल येते, लाकूड कुजतं. म्हणून भावाचं म्हणणं, एक तर विका, नाहीतर बहिणीने येऊन राहा. साहेबांचं इथलं काँट्रॅक्ट त्या वर्षी संपणार होतं. साहेबांनी ते दोन वाक्यांत सांगितलं आणि ती दोन वाक्यं मी पाठ केली.

"घर बिक गया, तो हम इधर. नहीं बिका, तो हम उधर."

म्हणजे कालपर्यंत मी ज्या सेलला घाबरत होते, तीच सेल आता मला हवी होती. ते चारित्र्यवान घर, जे मी बघितलं नाही, बघणार नाही, ते कुणीतरी घ्यावं, लवकर घ्यावं. नमाजनंतर दुआ मागायला हात उचलले तर तोंडात तेच. या अल्ला, त्या घराला गिऱ्हाईक पाठव.

"मेमसाबच्या आईवडिलांचं घर ना ते?" मी यांना विचारलं.

"हो."

"म्हणजे माहेर."

"माहेरच की."

 दुसऱ्या बाईचं माहेर विकलं जावं म्हणून मी दुआ मागत होते. हात खाली घेतले. मग पोरगी झोपेत हसली आणि मी ते परत वर केले.

पुढचे तीन-चार महिने काय गेले! पत्रं यायची. एक कुटुंब बघून गेलं, म्हणालं जिना फार उभा. मेमसाब त्या दिवशी खूश, केक केला, मला अर्धा दिला. मला तो केक गिळवेना. मग एक डॉक्टर बघून गेला आणि त्याला घर आवडलं. त्या दिवशी मेमसाब वरून खाली आलीच नाही आणि मी मात्र गाणं म्हणत चादरी पिळल्या. मग डॉक्टर म्हणाला, गुरुवारी गोंगाट फार होत असेल, नको. लगेच केक. मला त्या डॉक्टरचा इतका राग आला! अरे, आठवड्यातून एक दिवस बाजार, दारात ताजी भाजी, तुझं काय बिघडतं? मग कुणी बाई म्हणाली स्वयंपाकघर अंधारं आहे. मी मेमसाबला म्हटलं, "विंडो. बिग विंडो मेक. खलास!" मेमसाब माझ्याकडे बघत राहिली. माझ्या माहेराबद्दल ही का भांडते, असं तिला वाटलं असणार.

खालाचं मत वेगळं. "तीनशे वर्षं चौकात उभं आहे. येणारा बघतो, जाणारा बघतो. नजर लागणारच. फोटोवरून उतरून टाक."

"फोटोवरून चालते?"

"माझ्या भावाची फोटोवरून उतरवलेली, तो आफ्रिकेत होता. आठ दिवसांत नोकरी लागली."

तर एका सकाळी मेमसाब बाहेर गेली तसा मी कपाटातून तो कागद काढला. त्यांच्याच स्वयंपाकघरात, कारण कागद घराबाहेर न्यायची मला भीती, चोरी झाली असती. सात सुक्या मिरच्या, मीठ, मोहरी. मुठीत घेऊन घरावरून सात वेळा उतरवलं, छपरापासून पायरीपर्यंत, येणाऱ्याची, जाणाऱ्याची, मेंढरांची, डॉक्टरची, सगळ्यांची नजर जाऊ दे म्हटलं आणि स्टोव्हवरच्या तव्यावर टाकलं.

आता, नजर लागलेली असली तर मिरचीचा ठसका येत नाही, ही खूण. मला असा ठसका आला की डोळ्यांपुढे काळोख. म्हणजे घराला नजरबिजर काही नव्हती, घर चारित्र्यवानच होतं. खिडकी उघडायला गेले तर ती अडकली, धूर वर, पोरगी किंचाळते, आणि त्यात दारातून मेमसाब, "फायर! फायर!" करत आली आणि तिने बादलीभर पाणी स्टोव्हवर मारलं. स्टोव्ह विझला. कागदही विझला, म्हणजे पेटला नव्हता, पण भिजून पापडासारखा ओट्यावर पडला.

आम्ही दोघी पोरीला घेऊन आवारात पळालो आणि खोकत खाली बसलो. मेमसाबच्या हातात तो कागद, टपटप गळणारा.

"व्हाय?" ती म्हणाली.

खोटं बोलायला पण इंग्रजी लागतं आणि तेवढं मला येत नव्हतं. माझ्याजवळ होते ते चाळीस शब्द मी काढले. "हाऊस नो सेल, यू गो. यू गो, माय हजबंड एट मॅन रूम. मी बोट. बेबी बोट. बेबी नो फादर."

मेमसाबने तो कागद मांडीवर पसरला. मग म्हणाली, "सो यू वॉन्ट इट सोल्ड."

"येस, मेमसाब. सॉरी, मेमसाब."

तिने बोटं मोजली. "माय ब्रदर. माय हजबंड. द एजंट. अँड नाऊ यू." मग अंगठा धरून म्हणाली, "ओन्ली मी, नो."

हे सगळं मला समजलं, एकेक शब्द. तिचे डोळे वाहत होते, माझे वाहत होते, पोरीचे वाहत होते, आणि त्यात मिरची किती आणि बाकीचं किती, ते कुणी वेगळं करावं? मग ती शिंकली. एकदा नाही, नऊ वेळा. मी मोजल्या. नवव्या शिंकेला मला हसू फुटलं आणि या अल्ला, आता गेली नोकरी, असं मनात येतंय तोवर ती पण हसायला लागली. कागद मी नंतर कोळशाच्या इस्त्रीने सरळ केला. घर पहिल्यासारखं झालं, फक्त छप्पर जरा वाकडं आलं.

थंडी पडायला लागली तेव्हा तार आली. तार ऑफिसात आली आणि साहेब भर दुपारी घरी आले, मागे आमचे हे. मेमसाबने तार वाचली. "सोल्ड," ती म्हणाली, घडी घातली, तार परत साहेबांच्या हातात दिली, वर गेली आणि दार लावलं.

साहेब जिन्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी यांच्याकडे बघून दोन बोटं वर केली. "दो साल और."

हे मागच्या दाराने धावत आमच्या खोलीत आले. "दोन वर्षं! ऐकलंस? दोन वर्षं!" पोरीला उचलून असं उडवलं की ती छताला लागते की काय. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "हळू. वर तिला ऐकू जाईल."

इतके महिने मागितलेलं मिळालं आणि मला नाचता येईना. मी भिंतीशी गेले.

"खाला, विकलं गेलं."

"अल्हम्दुलिल्ला! मग रडतेस कशाला?"

"तिने दार लावून घेतलंय. काही खाल्लं नाही. डबासुद्धा फोडला नाही." मेमसाब डबे फोडूनच जेवण करायची, डब्यातले मटार, डब्यातलं मटण.

खाला गंभीर झाली. "माहेर गेलं म्हणजे मयतच गे ती. चूल पेटली नाही ना त्यांची?"

"नाही."

"मग तू अशी उभी काय? यल्ला, चल, तांदूळ धू."

आमच्याकडे मयतीच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारपाजार जेवण पोचवतो. कुणी सांगायला लागत नाही. पहिल्या दिवशी मी साधा डाळभात दिला, वर लिंबू. दुसऱ्या दिवशी खालाने कोंबडीचं कालवण आणि घावन दिलं, म्हणाली मिरची अर्धीच टाकली. तिची अर्धी म्हणजे साहेबांचे कान लाल, कपाळावर घाम, पण वाडगं पुसून परत आलं. तिसऱ्या दिवशी सोड्यांची खिचडी, सुक्या कोळंबीचे ते सोडे बोटीवरच्या माणसाबरोबर आईने पाठवलेले. त्या दिवशी मेमसाब खाली आली. टेबलाशी बसली, खिचडी उकरून सोडे बघितले आणि मला विचारलं, हे सगळं काय चाललंय, कशासाठी?

मी म्हटलं, "अवर पीपल. मॅन डेड, थ्री डे नो फायर. नेबर गिव्ह." मग भीत भीत म्हटलं, "यू... हाऊस डेड."

मला वाटलं रागावेल. ती चमचा हातात धरून बसली. "येस," म्हणाली. "येस, दॅट्स इट." आणि खायला लागली. सोडे तिला आवडले नाहीत, ते तिने ताटाच्या कडेला ओळीने लावले, पण भात सगळा खाल्ला.

चौथ्या दिवशी आम्ही बंद केलं. चौथ्या दिवशी चूल पेटायला पाहिजे, तसंच असतं. दुपारी मी सुरमईचं कालवण उतरवून भाकऱ्या थापत होते तर दारात सावली. बघते तर साहेब. स्वतः. हातात आमचा डबा, घासलेला, पुसलेला. मी ओढणी ओढून दारामागे झाले.

"आज..." साहेबांनी डबा जरा पुढे केला. "आज खाना?"

"साहेब, तीन दिन," मी आतून म्हटलं. "तीन दिन, खलास."

"खलास?"

"खलास."

साहेब डब्यात बघत उभे राहिले. कालवणाचा वास त्यांच्या नाकाशी जात होता, ते मला दाराच्या फटीतून दिसत होतं. मग त्यांनी मान खाली घातली आणि अगदी दुःखी आवाजात म्हणाले, "मेमसाब का दिल अभी भी बहोत खराब है."

वरच्या खिडकीतून मेमसाबचा हसण्याचा आवाज आला, आणि ती काहीतरी म्हणाली, त्यातलं मला फक्त "लायर!" ऐकू आलं. तो शब्द मला तेव्हा येत नव्हता. मी डबा घेतला, चार भाकऱ्या आणि सुरमईचे मोठे तुकडे घातले आणि दाराच्या फटीतून पुढे केला.

थोड्या वेळाने हे जेवायला आले. भाकरी बघितली, भांड्यात डोकावले, मला बघितलं.

"मासा?"

"साहेबांकडे गेला."

"पण तीन दिवस झाले ना?"

"त्यांच्यात जास्त दिवस पाळतात वाटतं," मी म्हटलं आणि लोणच्याची बरणी त्यांच्या पुढ्यात ठेवली.